समित्या कागदावर सहा, कामाला मात्र त्याच चौघी

पत्र असं आलंय (थोडं कमी करून देतेय) :

"ताई नमस्कार, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून लिहितेय. आमचं महिला मंडळ वीसेक वर्षांचं आहे, रजिस्टर आहे, साठच्या वर सभासद आहेत. ज्या काकूंनी मंडळ सुरू केलं त्याच इतकी वर्षं अध्यक्ष होत्या, एप्रिलच्या शेवटी वार्षिक सभा झाली त्यात नवीन अध्यक्ष निवडल्या आणि मला सचिव केलं. काकू आता सल्लागार आहेत पण रोज फोन करून ठरलेलं बदलतात. कागदावर सहा समित्या आहेत, प्रत्येकीत आठ-दहा नावं, पण मीटिंगला कोणी येत नाही आणि शेवटी मी आणि माझ्या तीन मैत्रिणीच सगळं करतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण दोघींनी दोन ठिकाणी ऑर्डर केलं, ते अजून कपाटात पडलंय. खजिनदार वर्गणी स्वतःच्या जीपेवर घेतात, माणूस प्रामाणिक आहे पण हिशेब वेळेवर मिळत नाही. नोकरी करणाऱ्या सुना ग्रुपवर आहेत पण बुधवारी तीनच्या मीटिंगला कशा येणार? आणि आणखी एक, ज्यांचे मिस्टर गेलेत अशा आमच्या सात-आठ जणी आहेत, त्यांना हळदीकुंकवाच्या समितीत कोणी घेतच नाही, मला ते फार लागतं पण बोलायचं कसं कळत नाही. समित्या नव्याने कशा कराव्यात? का सरळ राजीनामा देऊ?"

ताई, राजीनामा आत्ता देऊ नका. तुम्ही निघालात तर उरलेल्या तिघी दोन महिन्यात निघतील आणि मग मंडळ फक्त व्हॉट्सॲप ग्रुपपुरतं उरेल, रोज सकाळी सुविचार आणि वाढदिवसाला केक. वीस वर्षं चाललेलं मंडळ असं संपू नये असं मला मनापासून वाटतं. आणि एक, अजून समित्या काढू नका. मंडळ अडलं की आपल्याकडे पहिल्यांदा हेच करतात, एक नवीन समिती, तिला एक नवीन नाव, त्यात परत तीच दहा नावं.

तुमच्या समित्या अशा का झाल्यात सांगू का, त्या मानासाठी झाल्यात. सभेत कोणी नाराज होऊ नये म्हणून प्रत्येकीचं नाव कुठेतरी घातलं गेलं, अमुक ताईंना सांस्कृतिकमध्ये घेतलं मग त्यांच्या जावेला सहलीत घ्यायलाच हवं, असं करत करत यादी भरली. पण त्या यादीत नेमकं करायचं काय हे कोणीच लिहिलं नाही. मग बाई मीटिंगला येणार तरी कशाला, तिला वाटतं माझं नाव आहे ते पुरेसं आहे, आणि काम निघालं की आठजणींपैकी प्रत्येकीला वाटतं बाकीच्या सात आहेत की.

म्हणून उलटं करा, आधी कामं लिहा आणि नावं शेवटी. एक मोठा कागद घ्या, तुम्ही आणि अध्यक्षबाई दोघीच बसा, आणि वर्षभराचं लिहून काढा. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मग संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू, 8 मार्च, चैत्रगौर, जूनमध्ये शाळेच्या मुलांना वह्या वाटत असाल तर ते, श्रावणात मंगळागौरीचे खेळ, नवरात्रात भोंडला, दिवाळीच्या फराळाचे स्टॉल, मार्गशीर्ष, वर्षातून एक आरोग्य शिबिर आणि एक सहल. तुमच्याकडे यातलं जे जे होतं तेवढंच लिहा, व्हावंसं वाटतं ते नको. मग प्रत्येकाखाली त्यातली बारीक कामं. हळदीकुंकवाचंच बघा ना, हॉल सांगणं, माइकवाला, वाण ठरवणं, वाणाची ऑर्डर, तिळगूळ, अत्तर-गुलाबपाणी, फुलं, निमंत्रणं, दारात बसून नावं लिहून घेणं, चप्पल-पर्सकडे बघणारी एक, आणि मग कार्यक्रम संपल्यावरचं जे कधीच कोणाच्या नावावर नसतं ते, सतरंज्या झाडून घड्या घालणं, आणलेली पातेली परत करणं, उरलेलं वाण मोजून कुठे ठेवलं ते लिहिणं, हॉलची किल्ली. तुम्ही चौघी ज्यामुळे दमता ना ते हे शेवटचं असतं असा माझा अंदाज आहे, कारण स्टेजवरच्या कामाला माणसं मिळतात, रात्री साडेआठला पातेली उचलायला मिळत नाहीत. ती कामं कागदावर आली की पहिल्यांदा बाकीच्यांना दिसतील तरी.

हे झालं की बघा, सहा समित्या लागतच नाहीत. कायमच्या दोनच ठेवा, एक हिशेबाची आणि एक आरोग्य-शिक्षणाची, कारण ही दोन कामं बारा महिने चालतात. बाकी सगळं तात्पुरतं. भोंडल्याला भोंडल्याची समिती, चार जणींची, गणपती उठले की बसवायची आणि भोंडला झाला की आठ दिवसात पावत्या आणि हिशेब देऊन ती संपली. परत पुढच्या वर्षी नवी. यात मोठा फायदा असा की बाईला "वर्षभर समितीत राहशील का" विचारलं तर ती घाबरते, घरात सासूबाईंचं दुखणं, मुलांची परीक्षा, तिला माहीत नसतं पुढे काय येईल, पण "चार आठवडे देशील का, दसऱ्यानंतर मोकळी" असं विचारलं तर पुष्कळ जणी हो म्हणतात.

समितीत तीन ते पाच जणी, त्याच्यावर नाही. त्यातली एक प्रमुख आणि एक तिची जोडीदार, आजारी पडली तर हिनं बघायचं. आणि प्रमुखाला पैशाचा अधिकार द्या, हे फार महत्त्वाचं आहे. कार्यकारिणीत ठरवून टाका की अमुक रकमेपर्यंत, समजा दोन हजार, तिनं कोणाला न विचारता खर्च करायचा, पावती मात्र हवी. नाहीतर काय होतं, हार आणायचे तरी सचिवाला फोन, दोन डझन कप आणायचे तरी सचिवाला फोन, आणि मग ती म्हणते तुम्हीच करून टाका ना. तुमची वाणाची डबल ऑर्डर पण त्यातलीच आहे, दोघींनी चांगल्या मनानं केलं पण ठरवायचं कोणी ते ठरलं नव्हतं. त्या दोघींना आता बोलू नका, ते वाण पुढच्या संक्रांतीला चालेल असं असेल तर यादीत मोजून लिहून ठेवा.

आता पदांचं. अध्यक्षांचं काम सभा चालवणं, निर्णय होऊ देणं, बाहेर मंडळाच्या वतीनं बोलणं आणि रुसवेफुगवे काढणं, एवढं पुरे. उपाध्यक्षांना नुसतं बसवू नका, नव्या सभासदांचं काम त्यांच्याकडे द्या. तुमचं म्हणजे सचिवाचं काम लिहिण्याचं आणि कळवण्याचं आहे, करण्याचं नाही, हे तुम्ही स्वतः आधी मान्य करा. सभेचं प्रोसिडिंग लिहिताना कोण काय बोललं याची कथा नको, प्रत्येक विषयाखाली चार गोष्टी, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, किती पैशात. त्याच रात्री फोटो काढून ग्रुपवर. पुढच्या मीटिंगची सुरुवात त्याच पानापासून. आणि एक सहसचिव घ्या, तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान, दर दुसऱ्या मीटिंगचं तिला लिहू द्या. राजीनाम्याचा तुमचा विचार खरा असेल तर त्याला हाच रस्ता आहे, आत्ताच अध्यक्षांना सांगून ठेवा की मी पुढच्या वार्षिक सभेपर्यंत आहे, तोवर हिला तयार करते. तारीख सांगितली की लोकही तयारीला लागतात.

खजिनदारांचं मात्र लगेच करा. त्या प्रामाणिक आहेत म्हणताय ना, मग तर त्यांच्यासाठीच करा. स्वतःच्या खात्यात मंडळाचे पैसे आले की उद्या घरातल्यांनी विचारलं, एखादीनं संशय घेतला, किंवा देव न करो त्यांना काही झालं, तर कोणते पैसे कोणाचे हे कसं सांगणार? मंडळ रजिस्टर आहे म्हणजे मंडळाच्या नावाचं बँक खातं असेलच, बँकेत जाऊन त्या खात्याचा क्यूआर कोड मागा आणि तो लॅमिनेट करून घ्या. अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघींच्या सह्या बँकेत द्या आणि कोणत्याही दोघींच्या सहीनं पैसे निघतील असं ठेवा, आणि जुन्या अध्यक्षांची सही अजून चालू असेल तर ठरावाची प्रत देऊन बदलून घ्या. पावती पुस्तक एकच, नंबर छापलेलं. खर्चाला व्हाउचर. आणि दर मीटिंगला पहिली पाच मिनिटं हिशेबाची, मागची शिल्लक, जमा, खर्च, आत्ताची शिल्लक, चार आकडे मोठ्यानं वाचायचे.

यात कोणाचा अपमान नाही हे त्यांना बचत गटाचं उदाहरण देऊन सांगा, तुमच्या गावात गट असतीलच. गटांची पंचसूत्री प्रत्येक बाईला पाठ असते, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. गटाचे पैसे सगळ्यांच्या समोर मोजतात आणि तिथेच वहीत लिहितात. त्यातल्या कितीतरी बायका शाळेत फार गेलेल्या नाहीत आणि तरी त्यांचे व्यवहार बघून बँका लाखांची कर्जं देतात. मला विचाराल तर शहरातल्या शिकलेल्या मंडळांनी हे त्यांच्याकडे जाऊन बसून शिकावं. जमलं तर गटाच्या एखाद्या सचिव ताईला तुमच्या मीटिंगला बोलवा, मान द्या, साडी-नारळ द्या, आणि त्यांची वही कशी लिहितात ते सगळ्यांना दाखवायला सांगा. तुमच्या खजिनदारांना एक मदतनीस पण द्या, नोकरी करणारी एखादी सून, जी मोबाईलवर एक्सेलमध्ये भरेल. हिशेब उशिरा मिळतो त्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतोच, एकट्या बाईला रात्री जेवणं उरकल्यावर चिठ्ठ्या जुळवत बसायचं जिवावर येतं.

काकूंबद्दल. त्यांच्याविषयी तुमच्या पत्रात थोडा राग आहे आणि तो मला समजतो, पण वीस वर्षं ज्या बाईनं हॉलसाठी लोकांचे उंबरे झिजवले तिला एका सभेत "सल्लागार" केलं आणि सल्ला कशावर द्यायचा हे सांगितलं नाही, तर ती सगळ्यावरच देणार. त्यांना खरं काम द्या, जे त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही ते. देणगीदारांच्या ओळखी सगळ्या त्यांच्याकडे आहेत, तर नव्या अध्यक्षांना घेऊन त्यांनी त्या प्रत्येक घरी एकदा जायचं. जुने फोटो, पहिल्या सभेचं प्रोसिडिंग, सुरुवातीच्या सभासद कोण होत्या, हे सगळं त्यांनी बोलायचं आणि एखाद्या मुलीनं लिहून घ्यायचं. आणि फोनचं, ते अध्यक्षांनी बोलायचं, तुम्ही नाही, आणि ग्रुपवर तर मुळीच नाही. घरी जाऊन, चहा घेत, स्पष्ट : "काकू, तुम्ही सुचवाल ते मी मीटिंगमध्ये मांडीन, पण एकदा तिथे ठरलं की मलाही बदलता येत नाही." आणि मग खरंच तसं वागायचं. काकूंचा फोन आला की तुम्ही एवढंच म्हणायचं, लिहून घेतलं काकू, बुधवारी ठेवते. दोन-तीनदा ठाम राहिलात की फोन कमी होतील.

त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. रमाबाई रानड्यांनी पुण्यात 1909 साली सेवासदन ही बायकांसाठीची संस्था सुरू केली, त्या 1924 मध्ये गेल्या, आणि संस्था शंभर वर्षांनंतर अजून काम करतेय. रमाबाईंच्या मागे ते चाललं कारण तिथे काम सांभाळणाऱ्या इतर बायका होत्या. काकूंना त्यांच्या मंडळाचं असंच व्हावं वाटत असणारच.

आता ज्या गोष्टीसाठी तुमचं पत्र मी निवडलं ती. पती गेलेल्या सभासदांना हळदीकुंकवाच्या समितीत न घेणं. यावर माझं मत अगदी पक्कं आहे, हे बंद व्हायला हवं आणि तुमच्या मंडळात ते यंदाच बंद होऊ शकतं. त्या वर्गणी तेवढीच देतात, फराळाच्या वेळी चकल्या तळायला आणि हिशेबाला त्या चालतात, मग दारात कुंकू लावायला का नाही? तुमच्यापासून फार लांब नाही, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. अख्खं गाव ठराव करू शकतं तर साठ बायकांचं मंडळ का नाही करू शकणार.

बोलायचं कसं विचारलंय. सभेत अचानक भाषण करू नका, त्या सात-आठ जणींवर सगळ्यांच्या नजरा जातील आणि त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. आधी त्यांच्याशी एकेकीशी बोला, तुम्हाला आवडेल का, काय करायला आवडेल, कारण काहींना कुंकू लावून घ्यायचं असेल, काहींना नसेल, एखादीला नुसतं वाण द्यायला उभं राहावंसं वाटेल, ते तिनं ठरवायचं. मग कार्यकारिणीत साधा ठराव आणा, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात आणि प्रत्येक समितीत सर्व सभासदांना समान सहभाग. ठराव मांडायला शक्यतो काकूंना सांगा. त्यांनी मांडला तर विरोध करणाऱ्या दोघी-तिघी गप्प बसतील, आणि काकूंच्या नावावर हे कायमचं लिहिलं जाईल. त्या नाही म्हणाल्या तर तुम्ही मांडा, अध्यक्ष अनुमोदन देतील. एखाद-दुसरी रागानं येणार नाही त्या वर्षी, येऊ दे नाही तर नाही.

नोकरीवाल्या सुनांचं सोपं आहे, बुधवारी तीनची वेळ ही त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यासारखी आहे. महिन्याआड मीटिंग रविवारी सकाळी ठेवा नाहीतर रात्री नऊला ऑनलाइन, चाळीस मिनिटं, ज्येष्ठ बायकांना नातीच्या मोबाईलवरून जोडता येतं. पण त्यांच्याकडे फक्त बॅनर आणि रील बनवायला देऊ नका हां, सगळीकडे हेच चाललंय, तरुण म्हणजे मोबाईल. त्यांच्यात कोणी बँकेत असेल, कोणी नर्स, कोणी शिक्षिका, त्यांना एखाद्या समितीचं प्रमुखपद द्या. आणि कामाचं विचारताना ग्रुपवर "कोण कोण तयार आहे" असं टाकू नका, हात जोडलेले इमोजी येतात आणि विषय संपतो. फोन करा, साठ जणी आहेत, तुम्ही चौघींनी पंधरा-पंधरा वाटून घ्या. तीन प्रश्न, तुला काय करायला आवडतं, कोणतं काम अजिबात सांगू नको, आणि महिन्यातून साधारण किती तास. दुसरा प्रश्न विसरू नका, त्यातूनच जास्त कळतं, एखादी म्हणेल मला स्वयंपाकाचं सांगू नका, घरी तेच करते, आणि आपण तिला वर्षानुवर्षं पोह्यांवर बसवलेलं असतं.

आरोग्य समितीबद्दल थोडं, कारण शिबिर घेतलं, फोटो पेपरात आला आणि संपलं असंच बहुतेक ठिकाणी होतं. एकच विषय धरा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, म्हणजे तुमच्या मंडळातही निघणारच. श्रावणात हिमोग्लोबिन तपासणी ठेवा, आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी सांगून. ज्यांचं 12 च्या खाली (गरोदर असेल तर 11 च्या खाली) त्यांची यादी समितीतल्या एकाच बाईकडे, गुपित, ग्रुपवर अजिबात नाही. तिनं त्यांना डॉक्टरांकडे पाठवायचं, गोळ्या चालू झाल्या का, पोटाला त्रास होतोय म्हणून बंद तर केल्या नाहीत ना हे महिन्यानं फोन करून विचारायचं, आणि तीन महिन्यांनी परत तपासणी. समितीचं काम ती दुसरी तपासणी झाली की पूर्ण झालं म्हणायचं, पहिली झाल्यावर नाही. याला चार बायका आणि एक वही पुरते, माइक नको, हार नको.

शेवटचं कागदाचं, पण याला मुदत आहे म्हणून लगेच बघा. तुमचं मंडळ सोसायटी म्हणून रजिस्टर असेल, त्याला सात जणी लागतात, आणि त्याबरोबर सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे पण नोंद असेल. तसं असेल तर अध्यक्ष-सचिव बदलले की बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो 90 दिवसात द्यावा लागतो. पुष्कळ मंडळं हे करतच नाहीत आणि मग जिल्ह्याच्या नोंदीत दहा वर्षांपूर्वीचीच कार्यकारिणी दिसते, अनुदान किंवा देणगी घ्यायची वेळ आली की धावपळ. तुमची सभा एप्रिलच्या शेवटी झाली म्हणजे सभेच्या तारखेपासून दिवस मोजा आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्याआधीच अर्ज जाऊ द्या. सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, निवडीचा ठराव आणि नव्या कार्यकारिणीची संमतीपत्रं काढून ठेवा आणि ट्रस्टची कामं करणाऱ्या एखाद्या वकिलांना दाखवा. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण तुमच्याकडे अजून वेळ आहे. जुन्या अध्यक्ष म्हणून काकूंची सही लागली तर त्यांच्या घरी जाताना अध्यक्षांना बरोबर न्या, आणि मंडळाची घटना, जुनं नोंदणी प्रमाणपत्र काकूंच्या कपाटात असेल तर त्याच फेरीत मागून घ्या, झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवा आणि मूळ प्रत मंडळाच्या फाईलला लावा.